अंचे खात्याची गैरहजेरी

गवीपूर, बेंगळूर
९ मार्च १९९४

ती. रणजीतअण्णास,
नीलिमाचा नमस्कार. इकडे सगळे ठीक आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. पाच वर्षांनी लेखणी उचलली, तेव्हा आधी हवापाणी. नीलमोहर फुललाय. दारात जांभळा सडा पडतो आणि अप्पा तो झाडू देत नाहीत.

अप्पांना एक्याऐंशी पूर्ण झाली. दुपारी जेवले की व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसतात आणि कचेरी भरवतात. आठवते ना आपली अठरा कचेरी? पणजोबांचे वडील कंपनी सरकारच्या अमलात म्हैसूरच्या दफ्तरात मोडी लिहायला होते. साहेबानं राजाची जुनी अठरा खाती मोडली नाहीत, नुसता प्रत्येकाच्या डोक्यावर एकेक साहेब बसवला, हे अप्पा आपल्याला गोष्टीसारखं सांगायचे. मग आपल्या घरातही खाती झाली. आई महसूल. मी मरामत, म्हणजे फाटकं-तुटकं दुरुस्त करायचं. घरोघरी चिठ्ठ्या पोचवणारा तू अंचे, म्हणजे टपाल. उरलेली पंधरा आपण परसातल्या झाडांना वाटली होती, अगदी कढीपत्त्यालाही. घोडदळ शेवग्याकडे होतं, कारण तो वाऱ्यावर फार नाचायचा.

अप्पा एकेक खातं पुकारतात. आईच्या आणि झाडांच्या वतीनं मीच "रुजू", म्हणजे कामावर हजर, म्हणते. शेवगा पाडून आठ वर्षं झाली, पण त्या पेंगुळलेल्या उन्हात कधी कधी वाटतं, तोच ओ देतोय आणि मी नुसती ऐकतेय. फार बरं वाटतं तेव्हा.

अंचे आलं की मात्र अप्पा थांबतात. माझं रुजू त्यांना चालत नाही. गेल्या गुरुवारी मी हसत म्हटलं, अप्पा, अंचे आता नागपूरला असतं.

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "त्याच्या अर्जावर मी हुकूम दिलाय. रुजू. तू कळवलंस ना?"

अण्णा, आता लिहायचं ते लिहिते.

अप्पांनी खटपट करून रेकॉर्ड ऑफिसात लावलेल्या नोकरीवर जायच्या दिवशी तू नागपूरची गाडी धरलीस. त्यानंतर एकोणीस वर्षांनी तुझं पत्र आलं, घरी येऊ का म्हणून. अप्पांनी त्याच्या माथ्यावर एकच शब्द लिहून ते माझ्याकडे दिलं. रुजू. मी कन्नड शाळेत शिकलेली. इथे बँकेत, रेशनच्या दुकानात बोट ठेवून सांगतात, "इल्ली रुजू माडी", इथे सही करा. मी तुला कळवलं, अप्पांनी पत्र वाचून सही केली, दुसरं काही म्हणाले नाहीत. आणि तू आला नाहीस.

तू म्हणशील, लहानपणी दिवसातून दहादा रुजू म्हणणाऱ्या मुलीला कळलं नाही? कळलं होतं. स्वल्प. अप्पा दहा पावलांवर बसले होते, विचारता आलं असतं. नाही विचारलं. आईचं आजारपण मी काढलं, अप्पांचा राग मी सोसला, आणि आता तू नुसता दारात उभा राहिलास की घर उजळणार होतं. मला तुझा फार राग होता, अण्णा. त्या कन्नड अर्थामागे मी लपले.

पूर्वी अप्पा सगळी अठरा पुकारायचे. हल्ली पाच-सहावरच डोळा लागायचा. गुरुवारपासून ते अंचे पहिलं पुकारतात आणि वाट बघता बघता झोपतात. कचेरी सुरूच होत नाही. डॉक्टर म्हणतात, फार लांबचे बेत करू नका.

तुझं ते पत्र सोबत परत पाठवते आहे. माथ्यावर अप्पांचं अक्षर आहे, अजून ठसठशीत. या वेळी मराठीत वाच.

तुझी,
नीलिमा
मरामत खाते (दुरुस्तीस उशीर झाला)