सातारच्या उन्हात देवदार

सातारा, ५ मार्च १९९५

ती. राहीआक्कास,
धनाजीचा सप्रेम जयभीम. वि. वि.

पलटणीतून निवृत्त होऊन येताना सिमल्याहून देवदाराचं रोप आणलंय, ते अंगणात लावलं. खांद्यावर बर्फ घेऊन बारा महिने हिरवं राहणारं झाड! नाहीतर तुझ्या दारची कर्दळ. तोरा केळीचा, आणि एक दिवस पाणी चुकलं की मान टाकते. आम्रपालीलाही तू तशीच वाढवलीस. पोरीला सिमल्याच्या इस्पितळात नर्सची नोकरी लागलीय आणि तू म्हणतेस, थंडीनं मरेल.

लाव पैज. या रोपानं सातारचा उन्हाळा काढला, तर तीही तिथली थंडी काढेल. हरलो तर तिच्या नोकरीचं नाव काढणार नाही.

लोभ आहेच, तो तुझ्या रागाला पुरून उरो.
धनाजी

सांगली, २ एप्रिल

चि. धनाजीस अनेक आशीर्वाद.

पैज मंजूर. माझी कर्दळ लाडावलेली असेल, पण तिला जगायला बर्फ लागत नाही. तू बुंध्याशी रोज बर्फाचा चुरा टाकतोस आणि दुपारी छत्री धरून उभा राहतोस, असं तुझ्या बायकोनं, मनुबाईनं कळवलंय. गल्लीतली पोरं त्यातलाच बर्फ सरबताला पळवतात म्हणे. मी शेजारणीला सांगितलं, सुभेदारसाहेबांनी पेन्शनवर जावई पोसलाय.

आम्रपाली बॅग भरते, मी रिकामी करते, ती पुन्हा भरते. एकुलती एक आहे रे, भीती वाटते.

माया कमी करू नकोस, बर्फ कमी कर.
तुझी आक्का

सातारा, २१ मे

ती. आक्कास सप्रेम जयभीम.

देवदार गेला. आधी शेंडा तांबूस झाला, मग सगळ्याचीच काडी झाली. मनु म्हणते, आवं, वरनं ऊन अन् खालनं बर्फ, माणूस बी जगला नसता. हस हवं तेवढं.

तू जिंकलीस, मी शब्द पाळणार. पण पोरीला तोंड कसं दाखवू? पैजेत मी तिलाच पणाला लावून बसलो.

धाकट्यावर दया राहू दे.
धनाजी

सांगली, २८ मे

चि. धनाजीस आशीर्वाद.

पोटभर हसले. मग तुझं पत्र आम्रपालीपुढं टाकून म्हटलं, बघ, परक्या हवेत असंच होतं. तिनं वाचलं आणि शांतपणे विचारलं, मामांनी त्या झाडाला विचारलं होतं का, सातारला येतोस का म्हणून? मला तर जायचंय.

मी उठले आणि तिची बॅग स्वतः भरली. मी, धनाजी!

काल मिरजेला जाऊन तिला गाडीत बसवून आले. गाडी हलली तेव्हा ती हसत होती. भर मे महिन्यात फलाटावर थरथरत उभी होते ती मी.

लोभ ठेव, आणि चार दिवस येऊन राहा. घर खायला उठतंय.
तुझी आक्का