बॅक म्हणजे मागे, बॅक म्हणजे परत

अण्णा, परवा इथं बेंगळूरला, मारतहळ्ळीच्या माझ्या इंग्रजीच्या वर्गात एका मुलीनं मला एक शब्द विचारला, आणि मला उत्तर देता आलं नाही. मुलगी नागपूरची, नवऱ्याच्या मागोमाग इथं आलेली, नुकतीच कुठल्याशा कंपनीत लागलेली. म्हणाली, ऑफिसात मला सारखं सांगतात की क्लायंटला पुश बॅक कर, म्हणजे नेमकं काय करायचं? मी खडू खाली ठेवला. वर्ग पाच मिनिटं लवकर सोडला, डोकं दुखतंय असं सांगितलं. तुम्हाला जाऊन पंचवीस वर्षं होऊन गेली. इतक्या वर्षांत मी तुमच्याशी मनातसुद्धा भांडले नव्हते. आज भांडायला बसले आहे.

‘बॅक’ हा शब्द मला तुम्हीच शिकवलात. रविवारची सकाळ असायची. आई दोसे घालायची, तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाट टाकून बसायचात आणि मांडीवर तुमची लांब वही असायची. एका पानावर एकच इंग्रजी शब्द आणि खाली त्याचे सगळे अर्थ. बहुतेक शब्द एका पानात मावायचे. ‘बॅक’ला तीन पानं लागली होती. तुम्ही माझ्या पाठीवर बोट टेकवून म्हणालात, ही एक बॅक. मग खुर्चीची पाठ, पुस्तकाचं शेवटचं पान, शाळेतला मागचा बाक. मग म्हणालात, आता स्वल्प लक्ष दे, आता गंमत आहे. कुणाच्या पाठीशी उभं राहणं म्हणजे बॅक करणं, आणि दिलेला शब्द फिरवून अंग काढून घेणं म्हणजे बॅक आउट. शब्द तोच, शेपूट बदललं की माणूस उलटा होतो. गल्लीत लॉरी मागे घेताना क्लीनर ‘बॅक, बॅक’ म्हणून ओरडायचा तेव्हा आपण दोघं एकमेकांकडे बघून हसायचो. आई म्हणायची, बापलेकींना एवढं हसायला झालं तरी काय.

त्याच दिवशी तुम्ही आणखी एक सांगितलं होतं. आपल्याकडे ‘मागे’ वेगळं आणि ‘परत’ वेगळं. कन्नडातही तसंच. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द, त्यामुळे भाषांतर करणाऱ्यानं आधी थांबावं, कुठला अर्थ आहे ते बघावं, मग तोंड उघडावं. मी तेव्हा आठवीत होते. मला वाटलं, माझ्या अण्णांएवढं इंग्रजी अख्ख्या बेंगळूरमध्ये कुणाला येत नसेल.

पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या आपल्या कारखान्यातही लोकांना तसंच वाटायचं. पत्र्याचे लहान लहान भाग दाबून काढणारा तो कारखाना, पन्नास-साठ माणसं, आणि ऑफिसात तुम्ही हेडक्लार्क. मालकाचं पत्र असो की मॅनेजरची नोटीस, इंग्रजी तुमचं. मी बी.ए. झाले आणि तुम्ही मला तिथंच टायपिस्ट म्हणून लावलंत. नव्वदीची सुरुवात होती. आपण दोघं एकाच बसनं जायचो, डबे एकाच पिशवीत. ऑफिसात मी तुम्हाला सर म्हणायचे आणि घरी आल्यावर आपल्याला त्याचं हसू यायचं.

त्या सोमवारी मॅनेजर तुमच्या टेबलाशी उभे राहून बोलत होते. मोठी ऑर्डर होती आणि शनिवारी माल जायलाच हवा होता. प्रेसच्या, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या यंत्राच्या, तोंडाशी हात आत जाऊ नये म्हणून जी लोखंडी जाळी असते, गार्ड, ती दर नगाला खाली येते, वर जाते, त्यात वेळ जातो. जाळ्या आठवडाभर काढून टाका, असं ते स्पष्ट म्हणाले. मी चार हातांवर बसले होते, मी ऐकलं. तुम्ही मान हलवलीत, पेन उघडलंत आणि इंग्रजीत एक ओळ लिहून माझ्याकडे दिलीत. ऑल गार्ड्स टु बी पुट बॅक, अर्जंट. मी ती टाइप केली, कार्बन घालून चार प्रती काढल्या. मॅनेजरनी सही केली. एक प्रत मी स्वतः शॉपमध्ये, यंत्रं चालायची तिथं, फळ्यावर लावली.

तिथं तिसऱ्या प्रेसवर आनेकल गावची एक बाई काम करायची. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, पीण्यातच खोली घेऊन राहायची, महिन्यातून एकदा घरी जायची. मी तिला अक्का म्हणायचे, ती मला मेडम म्हणायची. इंग्रजी तिला येत नव्हतं. तिनं हात पुसत पुसत कन्नडात विचारलं, मेडम, काय लिहिलंय? मी सांगितलं, जाळ्या मागे सरकवायच्या. ‘हिंदक्के’ हाच शब्द मी वापरला, अजून आठवतो. ती सरी, म्हणजे बरं, म्हणाली आणि तिनं जाळी मागे ढकलली.

गुरुवारी दुपारी तिच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. मी तिला पाहिलं नाही. प्रेस बंद झाल्याचं मात्र ऐकलं, कारण एक यंत्र थांबलं आणि मग सगळीच थांबली.

चौकशीला बाहेरून एक अधिकारी आले. मॅनेजरच्या खोलीत तुम्हाला, मला आणि मॅनेजरना बसवलं. आदल्या संध्याकाळी बसमध्ये मी तुम्हाला विचारलं होतं की मी खरं सांगणार आहे, तुम्ही माझ्या बाजूनं बोलाल ना? तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, तू माझी मुलगी आहेस. मला ते पुरेसं वाटलं. मी अधिकाऱ्यांना सगळं सांगितलं, मॅनेजर तोंडी काय म्हणाले तेसुद्धा. मॅनेजर म्हणाले, मी असं म्हणालोच नाही. मग अधिकाऱ्यांनी तो कागद तुमच्यापुढे सरकवला. म्हणाले, इथं सगळे सांगतात की तुमचं इंग्रजी पक्कं आहे. तुम्हीच सांगा याचा अर्थ.

तुम्ही चष्मा लावलात. स्वतःच लिहिलेली ओळ तुम्ही जणू पहिल्यांदा वाचत होता.

“पुट बॅक म्हणजे परत जागेवर बसवणे,” तुम्ही म्हणालात. “गार्ड जागेवर बसवा, असा याचा अर्थ आहे. माझ्या मुलीनं वाचताना चूक केली. तिचं इंग्रजी अजून कच्चं आहे.”

मॅनेजर तोंडी काय बोलले ते आठवतं का, असं अधिकाऱ्यांनी विचारलं. आठवत नाही, म्हणालात. त्यांनी लिहून घेतलं. तुम्ही चष्म्याची घडी घालून तो डबीत ठेवलात. डबी बंद व्हायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला, एवढंच मी पाहिलं.

अहवालात माझी चूक लिहिली गेली आणि सूचना पाळली नाही म्हणून त्या बाईचा हलगर्जीपणा. सोमवारपासून मी येऊ नये, असं मला सांगण्यात आलं. तिलाही. सोमवारी सकाळी तुम्ही एकटे डबा घेऊन निघालात. आईनं सवयीनं दोन डबे भरले होते, एक तुम्ही ओट्यावर परत ठेवलात.

त्या रात्री जेवताना मी विचारलं की तो शब्द तुम्ही मुद्दाम घातलात का. तुम्ही हातातला घास ताटात ठेवलात. मग म्हणालात, “ते काढून टाका म्हणत होते. तसं लिहिलं असतं तर उद्या सहीवाला अडकला असता. असा शब्द घातला की कुणाचं नाव येत नाही.”

“माझं आलं,” मी म्हणाले.

“तुझी चूक ठरली तर लोक विसरतात. तू लहान आहेस. त्यांच्यावर आरोप ठरला असता तर आपण दोघं रस्त्यावर आलो असतो.” मग अगदी हळू म्हणालात, “मी तुला वाचवलंच.”

तुम्हाला ते खरंच तसं वाटत होतं, हे मला आता कळतं. पण अण्णा, रविवारच्या वहीतली तीन पानं मला पाठ होती हे त्या खोलीत फक्त तुम्हाला माहीत होतं. मॅनेजर खोटं बोलले याचं मला काही वाटलं नाही. तुम्ही माझं इंग्रजी कच्चं म्हणालात. जे तुम्ही मला दिलं होतं तेच चार लोकांसमोर काढून घेतलंत. त्यानंतर माझं लग्न होईपर्यंत सहा-सात वर्षं आपण एका घरात मीठ, पाणी, औषध एवढ्याच शब्दांवर राहिलो. रविवारी तुम्ही पाट टाकलात तरी मी बाहेरच्या खोलीत बसायचे. पुढे वही दिसेनाशी झाली, ती कुठं गेली ते मी विचारलं नाही. तुम्ही गेल्यावर महिन्याभरानं माझ्या नवऱ्यानं मला सांगितलं की हॉस्पिटलात तुम्ही त्यांना म्हणाला होता, तिचं इंग्रजी माझ्याहून पक्कं आहे. ते ऐकून मला रडू आलं नाही, संताप आला. हे सांगायला तुम्हाला माझ्या पाठीमागची जागाच सापडली.

एक गोष्ट तुम्हाला ठाऊक नाही. नोकरी गेल्यानंतरच्या महिन्यात मी बस करून आनेकलला गेले होते. ती दारात बसून डाव्या हातानं तांदूळ निवडत होती. तिनं मला पाणी दिलं. मी म्हणाले, अक्का, माझे वडील खोटं बोलले, आणि त्या शब्दाचे दोन अर्थ कसे होतात, त्यांनी तो कसा लिहिला आणि कसा फिरवला, ते सगळं तिला समजावून सांगितलं. मला वाटलं ती तुम्हाला शिव्या देईल आणि मला बरं वाटेल. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, “दोन अर्थ होते तर मेडम, मला तुम्ही एकच का सांगितलात?”

मी म्हणाले, मॅनेजर तसंच म्हणाले होते, मी स्वतः ऐकलं होतं. ती पुन्हा तांदूळ निवडू लागली. मी परतीच्या बसला उभी राहिले. ते उत्तर खरं होतं, पण पूर्ण नव्हतं, आणि हे पत्र कुठल्याच पत्त्यावर जाणार नाही म्हणूनच ते इथं पूर्ण लिहू शकते.

फळ्याशी तिनं विचारलं तेव्हा मला दोन्ही अर्थ दिसले होते. तुम्ही शिकवल्याप्रमाणे मी थांबलेही होते. जागेवर बसवा, असं सांगितलं तर काय होईल, हा विचार माझ्या मनात येऊन गेला. कागद माझ्या बाजूनं होता, मला कुणी चूक म्हणू शकलं नसतं. पण मग माल शनिवारी गेला नसता आणि मॅनेजर तुमच्यावर ओरडले असते. तुमच्यावर कुणी ओरडलेलं मला बघवायचं नाही, अण्णा. म्हणून मी तिला ‘मागे’ असं सांगितलं.