सदतीस जण येणार आहेत

५ नोव्हेंबर २०१७, रविवार
नवी लेन्स आली. ८५ एमएम. माणसांच्या चेहऱ्यांसाठी याच्यापेक्षा चांगलं काही नाही. समुद्र, बोटी, बगळे फार झाले. खरा फोटोग्राफर शेवटी माणसांकडे वळतो. मी वळलो.

संकल्प: रोज सूर्योदयाला धक्क्यावर हजर. रोज एक चेहरा. रोज ही डायरी. कोणी वाचणार नाही, त्यामुळे खरं लिहायला हरकत नाही.

जेवताना रेवतीने विषय काढला. पुण्याच्या कॉलेजने विचारलंय, स्टॅटिस्टिक्सची तिची जागा मार्चपासून रिकामी होतेय, परत येता का? उत्तर फेब्रुवारीत द्यायचं. मी म्हटलं, इथे काय कमी आहे? रिंगास्किडीचा माझा प्लांट गाडीने बारा मिनिटं, समोर हार्बर, पार्किंग फुकट. तर म्हणाली, मला इथे माझं असं माणूस नाही.

पॉइंट बरोबर आहे. आयर्लंडमध्ये, कॉर्कजवळच्या बॅलिकरिनला येऊन तीन वर्षं झाली, गावातलं चिटपाखरू आपल्याकडे चहाला आलेलं नाही. यावर उपाय मीच करणार. गावकऱ्यांचे पोर्ट्रेट्स काढायचे, फेब्रुवारीत पॅरिश हॉलमध्ये प्रदर्शन भरवायचं. नाव: 'हिवाळ्यातले चेहरे'. सगळं गाव येईल, रेवतीला माणसं मिळतील, पुणं कॅन्सल. प्लॅन सांगितला. गाव आलं तर राहशील ना, असं सरळ विचारलं. 'बघू' म्हणाली.

म्हणजे ठरलं.

६ नोव्हेंबर
सूर्योदय ७:२५. उठलो ७:२०. उद्यापासून.

११ नोव्हेंबर, शनिवार
पहिला चेहरा! शेजारची नोरा. वय ऐंशीच्या पुढे. कोळशाचं पोतं फरफटत दारापर्यंत नेत होती. काय टेक्श्चर होतं चेहऱ्यावर! वाकलेली पाठ, कपाळावर घाम, मागून तिरका उजेड. कंपाउंडवर ओणवा होऊन बावीस फ्रेम्स घेतल्या. ती काहीतरी ओरडली. त्यातलं 'हॅन्ड' एवढंच कळलं. हात फ्रेममध्ये यावेत असं म्हणत असणार. घेतले.

मग रेवती मध्ये घुसली आणि पोतं उचलून आत घेऊन गेली. फ्रेमचं वाटोळं. बायकांना कंपोझिशन कळत नाही.

घरी आल्यावर कळलं, कॅमेऱ्यात कार्ड नव्हतं. ते लॅपटॉपमध्येच राहिलेलं. तरी पण नजर तयार झाली, हे महत्त्वाचं.

२ डिसेंबर, शनिवार
हॉल बुक केला. किल्ली दुकानदार डेक्लनकडे असते. १७ फेब्रुवारी, शनिवार, दुपारी दोन ते पाच. डेक्लन म्हणाला, ग्रँड. नवीन आलेल्या लोकांना वाटतं ग्रँड म्हणजे भव्य. ग्रँड म्हणजे नुसतं ठीक. मला आता इथलं इंग्रजी कोणी शिकवायला नको.

सूर्योदय हल्ली सव्वाआठला होतो आणि मी आठला प्लांटमध्ये. म्हणजे पहिला संकल्प मोडला तो माझ्यामुळे नाही, देशामुळे.

१५ डिसेंबर, शुक्रवार
चर्चमध्ये शाळेचे कॅरल्स. आमच्या स्वानंदीचा सोलो. वय अकरा, आणि तिची निवड झाली. चार वाजता. मुद्दाम हाफ डे घेतला होता.

पण पावणेचारला ढग बाजूला होऊन ऊन पडलं. आठ दिवसांत पहिल्यांदा! धक्क्यावर एक म्हातारा जाळं विणत बसलेला, त्याच्या दाढीवर सोनं उतरलेलं. कलावंताने अशा वेळी काय करायचं? दहा मिनिटांत जातो म्हणून थांबलो.

चर्चमध्ये पोचलो तेव्हा लोक कोट घालत होते. एका विझलेल्या मेणबत्तीचा फार सुंदर फोटो मिळाला. स्वानंदीला सॉरी म्हटलं. ती म्हणाली, 'यू आर ग्रँड, बाबा.' घरात मराठीत बोल असं हजारदा सांगितलंय. पण रागावली नाही, हे बरं झालं.

म्हाताऱ्याचा फोटो हलला आहे.

१ जानेवारी २०१८
नवे संकल्प. जुनेच, पण आता मनापासून.

१४ जानेवारी, रविवार
सकाळपासून धक्क्यावर. रेवती म्हणाली होती, आज दुपारी घरी थांब, संक्रांत आहे. मी म्हटलं, बघतो. तीन वाजता भूक लागली म्हणून परतलो तर आपल्या फाटकातून नोरा बाहेर पडत होती. काहीतरी मागायला आली असावी. पण चेहरा! इतकी खूश मी तिला कधी पाहिली नाही. कॅमेरा वर केला तर चक्क उभी राहिली. एकच फ्रेम. टॅक शार्प. हाच माझा मास्टरपीस.

एकच खोट. कपाळावर भुवयांच्या मध्ये लाल डाग, बाजूला थोडं पिवळं. इन्फेक्शन असावं. कॉम्प्युटरवर लाइटरूममध्ये दोन मिनिटांत काढून टाकलं. आता चेहरा स्वच्छ.

घरात सिंकमध्ये चौदा कप. रेवती हल्ली चहा फार पिते. एकटेपणातून अशा सवयी लागतात. तिळगूळ एकच उरला होता, तुटका. खाल्ला. प्रदर्शन लवकर व्हायला हवं, तिच्यासाठी.

२७ जानेवारी, शनिवार
आमंत्रणं सुरू. व्हॉट्सअ‍ॅपवर नाही, समोर जाऊन, आपल्या पद्धतीने, लग्नाला बोलावतात तसं. दुकान, पब, बस स्टॉप, केमिस्ट. रिस्पॉन्स अफाट! डेक्लनला विचारलं, येणार ना? क्षणभरही न थांबता म्हणाला, 'आय विल, या.' केमिस्टकडची बाई: 'आय विल, या.' जाळंवाला म्हातारा: 'ओह, आय विऽल, या,' आणि विलवर केवढा जोर! पबमधले चौघे तर एका सुरात म्हणाले आणि मग आनंदाने हसत सुटले.

मला तो 'या' फार आवडतो. त्यांच्या भाषेत होकार, आपल्या भाषेत आमंत्रण.

आजचा आकडा एकोणीस.

४ फेब्रुवारी, रविवार
आकडा सदतीस. एकानेही नाही म्हटलं नाही. पुण्यात सोसायटीच्या मीटिंगला विचारलं असतं तर सदतीस कारणं ऐकायला मिळाली असती.

घरी यादी वाचून दाखवली. कोण काय म्हणालं, अगदी त्यांच्या टोनमध्ये. स्वानंदीने रेवतीकडे पाहिलं. रेवतीने नाही अशी मान हलवली. स्वानंदी खोलीत गेली. दोघी भारावलेल्या दिसल्या.

१० फेब्रुवारी, शनिवार
प्रिंट्स आले. चोवीस. मधोमध नोरा, तीन फूट उंच. रेवती त्या फोटोपुढे बराच वेळ उभी राहिली. मग विचारलं, हिच्या कपाळावरचं काय केलंस? तिचं लक्ष गेलं याचा आनंद झाला. क्लोन टूल म्हणतात, असं समजावून सांगितलं. कॉलेजला काय कळवलंस, विचारलं. कळवलं, म्हणाली. मी खोदून विचारलं नाही. प्रदर्शन व्हायच्या आधी ती नाही म्हणून मोकळी झाली, हा माझ्यावरचा विश्वास.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार
रेवतीला शंभर समोसे करायला सांगितले होते. तिने बारा केले. म्हटलं, सदतीस माणसं आहेत गं! म्हणाली, पुरतील.

१७ फेब्रुवारी, शनिवार
दुपारी १:३०. हॉल सज्ज. बाहेर लख्ख ऊन. महिन्यातला पहिला कोरडा शनिवार. ब्लेझर घातला आहे.

२:००. आयरिश टाइम. पंधरा मिनिटं धरायची.

२:४०. रेवती बाकावर पेपर तपासावेत तशी बसली आहे. स्वानंदी मोबाइलवर. भाषण पुन्हा वाचलं, एक विनोद वाढवला.

३:१०. एकजण आला! टॉयलेट कुठे आहे ते विचारून गेला. तो मोजला नाही.

३:३०. हॉलच्या खिडकीतून मैदान दिसतं. तिथे लहान मुलांची हर्लिंगची मॅच चालू आहे. बघायला सगळं गाव. डेक्लन, केमिस्टवाली, पबचे चौघे. संपल्यावर येतील.

४:१५. मॅच संपली.

४:३०. प्लांटमधला हरीश आला, बायकोला घेऊन, कॉर्क सिटीहून. हे दोघे यादीत नव्हते. 'बघू' म्हणाले होते म्हणून मी त्यांना धरलंच नव्हतं. समोसे खाताना हरीशने विचारलं, गर्दी ओसरली वाटतं? यादी दाखवली. सदतीस जण 'आय विल, या' म्हणालेत, वाटेत असतील.

हरीश खोकायला लागला. मला वाटलं मिरची. त्याला इथे आठ वर्षं झाली आहेत. तो म्हणाला, अरे अभिजित, कॉर्कमध्ये 'आय विल, या' म्हणजे मेलो तरी येणार नाही. तोंडावर नाही म्हणायचं नसतं म्हणून तसं म्हणतात. आपलं 'बघू' असतं ना, तसंच, पण जरा जास्त खडूस.

त्याची बायको स्नेहलता त्याला कोपराने ढोसत होती.

५:००. दिवे बंद केले. समोसे उरले आठ.

१८ फेब्रुवारी, रविवार
स्वानंदीला विचारलं, तुला माहीत होतं? म्हणाली, 'एव्हरीवन नोज दॅट, बाबा.' रेवतीला विचारलं. तिलाही माहीत होतं. मग सांगितलं का नाही? तीन महिन्यांत तू मला एकदाही काही विचारलं नाहीस, म्हणाली, नुसतं सांगत होतास.

हे अन्यायकारक आहे. मी विचारलं होतं. डायरी काढून पाहिली. ५ नोव्हेंबर. विचारलं होतं, आणि उत्तरही लिहून ठेवलं आहे: 'बघू'.

ते पुन्हा एकदा वाचलं. मग लेन्स पुसली.

२१ फेब्रुवारी, बुधवार
रेवतीने तिकिटं काढली. सव्वीसची. दोन. माझं नंतर काढेल. प्लांटचं ऑडिट तोंडावर आहे हे तिला माहीत आहे. समजूतदार आहे.

२५ फेब्रुवारी, रविवार
रेवती म्हणाली, दुपारी हॉलमध्ये थोडी माणसं भेटायला येणार आहेत, यायचं तर ये. मला वाटलं चार-पाच असतील. कॅमेरा घेतला.

सगळं गाव होतं. मोजले नाहीत, मोजायची हिंमत झाली नाही. माझ्या सदतीसांच्या यादीतले तर सगळेच दिसत होते, आणि वर त्यांची पोरंबाळं. घरून केलेले केक, सँडविचेस, चहाची मोठी किटली. केमिस्टवाली रेवतीला मिठी मारून रडत होती. तिच्या आईला रेवती दर मंगळवारी जेवण भरवायला जायची म्हणे. मंगळवारी रेवती कुठेतरी जाते, हे मला माहीत होतं. कुठे ते विचारायचं राहून गेलं होतं. डेक्लनने स्वानंदीला पुन्हा सोलो गायला लावला. चांगली गाते. मी पहिल्यांदाच ऐकलं.

नोरा नटूनथटून आली होती. कपाळावर मोठं ठसठशीत कुंकू, शेजारी हळद. सगळ्यांना अभिमानाने सांगत होती की जानेवारीत रेवतीच्या पार्टीला आम्ही चौदा जणी होतो, तेव्हापासून ही हळदीकुंकवाची पुडी मी जपून ठेवली आहे. मग भिंतीकडे गेली. माझे फोटो उतरवायचे राहिलेच होते. स्वतःच्या तीन फुटी फोटोपुढे उभी राहून कपाळाला बोट लावून पाहिलं. मला लाज वाटली. अगदी सरळ लाज वाटली, लेन्सच्या आड लपता येईना अशी.

मग कोणीतरी म्हणालं, ग्रुप फोटो! सगळे रेवती-स्वानंदीभोवती जमले. मी पण जाऊन कडेला उभा राहिलो, तर डेक्लन म्हणाला, तू कुठे येतोस, कॅमेरा तुझ्याकडे आहे. सगळे हसले. मी बाहेर आलो.

फोटो उत्तम आला. एकाचाही डोळा मिटलेला नाही. रेवती खळखळून हसते आहे. असं हसताना तिला मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं, का पाहिलं नव्हतं ते लिहीत नाही.

घरी येताना विचारलं, एवढी माणसं आहेत तुझी इथे, मग माझं असं माणूस नाही, असं का म्हणाली होतीस? रेवती म्हणाली, मी गावाबद्दल बोलत नव्हते.

यावर सवडीने विचार करायला हवा. ऑडिट झाल्यावर.

२६ फेब्रुवारी, सोमवार
एअरपोर्टवर डेक्लन सोडायला गेला. मला सुट्टी मिळाली असती, पण मागितली नव्हती. निघताना स्वानंदीने हात हलवला. मी फोटो काढत होतो म्हणून हात हलवायचा राहिला.

३ मार्च, शनिवार
परवापासून बर्फ. कॉर्कला असा बर्फ कित्येक वर्षांत पडला नव्हता, म्हणतात. रस्ते बंद, प्लांट बंद, ऑडिट पुढे ढकललं. दुकानात ब्रेड संपला. धक्का, बोटी, सगळं पांढरं. आयुष्यात एकदा मिळतो असा उजेड. उद्या जाईन.

रेवतीचा मेसेज नाही. पुण्यात सिमकार्डचं काहीतरी असणार. पाच दिवस लागतातच.

अकरा वाजता दार वाजलं. नोरा. बर्फातून चालत आली होती, हातात फडक्यात गुंडाळलेला अर्धा सोडा ब्रेड. तुझ्याकडे नसेल असं वाटलं, म्हणाली. मग आनंदाने म्हणाली, दोघी सुखरूप पोचल्या ना, किती बरं वाटलं, मंगळवारीच ग्रुपवर मेसेज आला. कसला ग्रुप, हे मी विचारलं नाही. म्हटलं, हो, मला माहीत आहे.

ती वळली. मी तिला थांबवलं आणि विचारलं, स्वानंदीने काही लिहिलंय का? नोराने चष्मा लावला, फोन लांब धरून बराच वेळ वाचलं. म्हणाली, लिहिलंय की! माझ्या कुत्र्याला थंडी बाधत नाही ना, असं विचारलंय.

आणखी काही?

तिने पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. नाही, म्हणाली, आणखी कोणाबद्दल काही नाही.