रिकाम्या रकान्यात सहा दिवस

९ नोव्हें., रवि.
सकाळ आमच्या गावच्या मच्छीमार सोसायटीत गेली. आधीचं ॲप मुंबईच्या कुणीतरी करून दिलेलं. उघडलं की लाटा हलतात, मग बोटीचं चित्र, मग पासवर्ड. किती बोटी समुद्रात आहेत एवढं सोडून सगळं दिसतं. असला कोड वाचला की अंगाला ओशट लागल्यासारखं होतं. चिटणीस जगदीशकाकांना म्हटलं, फेकून द्या हे. साधा तक्ता करून देतो. बोट, गेली कधी, येणार कधी. बोईसरला कारखान्यात आठ वर्षं हेच करतोय. चालेल ते करायचं, मिरवायचं नाही.

१२ नोव्हें.
'येणार कधी' हा रकाना कोरा. एकेचाळीस बोटी, एकीपुढेही तारीख नाही. ज.का. विचारायलाच तयार नाहीत. ताईला म्हटलं, निदान भाऊजींची तरी दे. ते 'जयमाला'वर तांडेल, बोट तेच चालवतात, बाकी पाच माणसं त्यांच्या जिवावर जातात. ताई भडकली.
"जानाऱ्याला कदी येशील म्हणून कोन विचारतं? शिकून हेच शिकलास?"
आणि आल्यावर कळवतं कोण? मासळी उतरवायची घाई. त्यामुळे खाडीत बांधलेल्या बोटीसुद्धा तक्त्यात समुद्रातच. सगळं लाल. वैताग.

१५ नोव्हें.
सुटलं. फक्त दोन ओळी. रकाना कोरा असेल तर सहा दिवस धर, सहा दिवस झाले की 'आली' म्हण. आपल्या बोटी चार-पाच दिवसांत येतातच. तक्ता हिरवा झाला, ज.का. खूश. त्या ओळींच्या वर टीप टाकली : तात्पुरतं, नंतर बघू. अशा टिपा आजवर किती टाकल्या देव जाणे. नंतर एकही बघितलेली नाही.

२० नोव्हें.
कारखान्यात नवा पोरगा आलाय, सॉफ्टवेअर आर्किटेक्चर सोडून बोलत नाही. त्याला माझ्या दोन ओळी दाखवल्या. म्हणाला, सर, माहिती नाही तिथे माहिती नाही असंच लिहायला हवं ना. त्याला म्हटलं, प्रॅक्टिकल व्हायला शीक.

२५ नोव्हें., मंगळ
वादळाचा इशारा. मत्स्य खात्याने ज.का.ना फोनवर विचारलं, समुद्रात किती बोटी. त्यांनी तक्ता बघून सांगितलं, एकही नाही. मला मेसेज : तुझ्यामुळे दोन मिनिटांत काम झालं. मी अंगठा पाठवला.
संध्याकाळी घरी आलो तर ताई किनाऱ्यावर उभी. 'जयमाला' आलेली नाही, आठवा दिवस. तिच्यासमोरच मोबाईलवर तक्ता उघडला. जयमाला, आली, काल. ती स्क्रीनकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. मला स्वतःचीच शिसारी आली.
ज.का.कडे धावलो, म्हटलं फोन करून आकडा बदला. म्हणाले, सकाळपर्यंत बघू, कुठे तरी लागली असेल, आता आकडा बदलला तर सगळ्या तक्त्यावरच बोट ठेवतील.
"जरा प्रॅक्टिकल विचार कर."
माझाच शब्द. त्यांच्या तोंडून ऐकताना कुणी खरकटं अंगावर टाकावं तसं वाटलं. मग मीच खात्याला फोन लावला. एक बोट, सहा माणसं. पलीकडचा म्हणाला, यादीत तर शून्य आहे. म्हटलं, यादी खोटी आहे, मीच केलीय.

२६ नोव्हें., सकाळ
वायरलेसवर निरोप. 'जयमाला' डहाणूच्या बाजूला लागली, इंजिन बंद पडलं होतं, दुसऱ्या बोटीने ओढून आणली. सहाही जण ठीक. ताई रडली. माझ्याशी बोलली नाही.
त्या दोन ओळी काढल्या. तक्ता पुन्हा लाल. आता कागद घेऊन खाडीवर जातो, एकेक बोट डोळ्यांनी बघून खूण करतो. हे पहिल्याच दिवशी करायला काय झालं होतं?

२६ नोव्हें., दुपार
वारा वाढलाय. किनाऱ्यावर एकोणचाळीस. 'जयमाला' डहाणूला. एक कमी. दोनदा मोजल्या. काशिनाथची लहान बोट, तो आणि त्याचा भाऊ. गेल्याची तारीख सोळा. माझ्या हिशेबात बावीसलाच घरी आलेली.
त्यांच्या घरी गेलो. आई ओट्यावर सुके बोंबील आवरत बसलेली, पावसाच्या आत घरात घ्यायचे म्हणून. मी काही विचारायच्या आत म्हणाली,
"पोरं सातपाटीला उतरली असतील रे, मासली इकून येतील. मी सोसायटीत इचारलं होतं. जगदीश बोल्ला, आली तुमची बोट, कंपूटरवर हाय."
कधी विचारलं होतं?
"झाले तीन-चार दीस. म्हणून तर मी गप हाय."
पिशवी माझ्या हातात देऊन म्हणाली, धर जरा. धरली. तिने बोंबील भरले, तोंड बांधलं. मग मी सांगितलं.
खात्याला पुन्हा फोन केलाय. एक बोट, दोन माणसं, अकरावा दिवस. पुढे काय करायचं ते माहिती नाही. तक्त्यात काशिनाथच्या बोटीपुढे तेच लिहिलं : माहिती नाही.