टिल्लूचा परभाषेतला निबंध

दि. ४ फेब्रुवारी

चि. टिल्लूस अनेक आशीर्वाद.

बाबांचं पत्र मिळालं. टायपिंगवाल्याच्या माडीवर तू रोज संध्याकाळी इकडची भाषा शिकतेस म्हणे. वाचून हसू आलं. अगं, घरी राहून, निवृत्त मास्तरांपुढे घोकंपट्टी करून कुठे भाषा येते का? ती इथल्या हवेतच असते. मला बघ, दोन वर्षं फर्निचरच्या गोदामात आहे, एक पुस्तक उघडलं नाही, आणि आता स्वप्नंसुद्धा याच भाषेत पडतात. तरी हौसच असेल तर एक निबंध लिहून पाठव, चुका काढून देतो.

बाबांच्या गुडघ्यांकडे लक्ष ठेव. माया आहेच, ती वाढव.

तुझा दादा

दि. १९ फेब्रुवारी

ति. दादास शि. सा. न. वि. वि.

निबंध सोबत आहे. बाबांनी नेहमीसारखा पोस्टाचा शिक्का मारायच्या आधी वाचायला घेतला, दोन्ही बाजूंनी उलटून पाहिला आणि अक्षर चांगलं आहे म्हणाले. सावकाश, पण नीट वाच.

जीव लावतोस तसाच लाव.

तुझी टिल्लू

(सोबतचा निबंध, मूळ परभाषेत)

दादा, हा निबंध नाही. बाबाच पोस्टमास्तर, त्यांच्या हातून न वाचता सुटणारं पत्र नाही, म्हणून या भाषेत लिहिते आहे. तिकडच्या मोठ्या हॉस्पिटलने मला नर्सिंगच्या शिक्षणासाठी जागा दिली आहे. बाबांच्या सहीचा फॉर्म एप्रिलच्या मध्यापर्यंत पोचला नाही तर ती जाईल. बाबांनी मात्र मला आत्याच्या कापडदुकानात बसवायचं परस्पर कबूल करून टाकलंय. मी विषय काढला तर डोक्यात राख घालून घेतील. तुझा शब्द ते खाली पडू देत नाहीत. एवढंच लिही, की टिल्लूला जाऊ द्या. मला जन्मभर कापड फाडत बसायचं नाही रे.

दि. ६ मार्च

चि. टिल्लूस अनेक आशीर्वाद.

निबंध एका दमात वाचला. दोन-चार क्रियापदं घसरलीत, पण तो पुस्तकी शिक्षणाचा दोष, तुझा नाही. निसर्गवर्णन मात्र झकास. चुका लाल शाईने दाखवणार होतो, नेमकी शाई संपली.

हे पत्र बाबांनाही दाखव. तू जे लिहिलंयस ते मला शंभर टक्के पटलं, त्यातला एक शब्दही कोणी बदलू नये. अभ्यास सोडू नकोस आणि दादाला विसरू नकोस.

तुझा दादा

दि. २२ मार्च

ति. दादास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी स्वयंपाकघरात तोंड लपवून रडले. त्या कागदात निसर्ग नावालाही नव्हता रे. बाबांनी तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दादाला एवढं काय पटलं ते आपल्या भाषेत सांग म्हणाले. मी सगळं जसंच्या तसं सांगितलं, कापड फाडण्यापर्यंत. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग निसर्गवर्णन कुठे गेलं, असं विचारलं. तिकडे मनातलं लिहिलं की त्यालाच निसर्गवर्णन म्हणतात, असं मी ठोकून दिलं. तुझी अब्रू झाकली. दादाचा शब्द बदलायचा नाही म्हणत त्यांनी सही केली.

आत्या तणतणते आहे. बाबा मात्र आता माझी जाणारी-येणारी पाकिटं न उघडता शिक्का मारतात, म्हणून हे मोकळेपणाने लिहिते. मी मे महिन्यात येते आहे. दादा, तुला ती भाषा किती येते ते खरं सांग. मी हसणार नाही.

रागावू नकोस, आणि रागावलास तरी पत्र लिही.

तुझी टिल्लू

दि. ८ एप्रिल

चि. टिल्लूस आशीर्वाद.

येत नाही.

आम्ही एका खोलीत आठ जण, सगळे आपल्याकडचे. उठल्यापासून झोपेपर्यंत आपल्याच भाषेत भांडतो. गोदामात खोक्यांवर बाण असतात, त्यावर निभावतं. दुकानात बोट दाखवतो. गेल्या आठवड्यात मुकादमाने मला समोर उभं करून पाच मिनिटं काहीतरी सांगितलं. आजूबाजूचे हसले, म्हणून मीही हसलो. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. तो काय म्हणाला होता, हे विचारायला माझ्याजवळ कोणी नाही.

लवकर ये गं. बाबांच्या मनात माझ्याबद्दल जे आहे, ते तसंच राहू दे.

दादा