वेदांगची मुंज आणि वहीवाले गृहस्थ

ती. दादास,

धाकट्या बहिणीचा वाकून नमस्कार. गुडघे कसे आहेत? वहिनीची बीपीची गोळी तूच आठवणीने दे (तिच्यावर सोडू नकोस). इकडे आखातात, अल मनखूलमध्ये आम्ही ठीक. एसीने मान टाकलीय; मेकॅनिक 'इन्शाल्ला कल' म्हणतो, असे नऊ कल झाले. आमच्या वेदांगच्या मुंजीची पत्रिका पोचली. सुरेख छापून घेतलीस.

सध्या मी थक्क आहे, दादा. इतकी की शैलेंद्र विचारतो, तुला बरं नाही का. वेदांगला सातव्या वर्षी फुटबॉलला घातलं ते निव्वळ संध्याकाळी दोन तास घर शांत राहावं म्हणून (आई झालास की कळेल, असं तुला म्हणताही येत नाही). मला वाटलं, चित्रकलेच्या क्लाससारखं असेल. पण इथे आठ वर्षांखालची मुलं दहाखालच्यांत जातात, मग बाराखाली, मग चौदाखाली, आणि त्यांतून नववीत शाळेचा मोठा संघ निवडतात. प्रत्येक पोराची फाइल. कुठल्या पायाने पास देतो, चेंडू गेला की रडत बसतो की मागे धावतो, सगळं लिहिलेलं. आपल्याकडे लग्नाआधी मुलाची एवढी चौकशी होत नाही.

आता माझी फजिती ऐक. मैदानाच्या कडेला चार वर्षं एक गृहस्थ वही घेऊन उभे असायचे. साधा टी-शर्ट, पायात सपाता. मी त्यांना रखवालदार समजले (गेटची किल्ली त्यांच्याकडेच असायची, माझी काय चूक?). दर शनिवारी 'भाईसाब, जरा पकडना' म्हणून वेदांगची पिशवी त्यांच्या हातात द्यायची आणि बाटली भरून आणायला लावायची. तेही निमूट आणायचे. एकदा मी त्यांना उरलेली शंकरपाळी दिली, तीही मऊ पडलेली. परवा कळलं, ते फहद सर, शाळेच्या मोठ्या संघाचे कोच. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. ते मात्र हसून म्हणाले, 'मॅडम, आपका बेटा बॉल आने से पहले देख लेता है किसको देना है. चार साल से देख रहा हूँ.' दादा, चार वर्षं मी तिथे बसून मोबाइल बघत होते आणि हा परका माणूस माझ्या मुलाकडे बघत होता. मला तिथेच रडू आलं.

त्यांनी वेदांगला चौदाखालच्या संघाच्या निवड चाचणीला बोलावलंय. ती वर्षातून एकदाच होते. शाळेच्या पत्रावर तारीख आहे दहा मे. तुझ्या पत्रिकेवरही दहा मेच आहे. वेदांगने दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले, शाळेचा घडी करून दप्तरात टाकला आणि म्हणाला, 'इट्स ओके आई. मामा विल फील बॅड.' नंतर जेवला नाही.

बाकी क्षेम.

तुझी,
अनुपमा

ता.क. मुहूर्त पुढे ढकल. गुरुजींशी तू बोल (माझं ते ऐकत नाहीत). विमानाची तिकिटं मी मंगळवारीच बदलली.

ता.क. पुन्हा: तुझ्या खोखोच्या निवडीच्या दिवशी अण्णांनी तुला आत्याच्या लग्नात जिलब्या वाढायला उभं केलं होतं. ते तू अजून दर दिवाळीला हसत सांगतोस. हल्ली मला त्यावर हसू येत नाही.

ता.क. शेवटचा: मुंजीत बटू काशीला निघतो आणि मामा त्याला समजावून परत आणतो. तो मान तुझाच. पण आमचा बटू या वेळी खरंच निघालाय. एवढी एक वेळ त्याला अडवू नकोस.