सारंग बाहेर बसला

१४ जाने.
सकाळी फेरीबोटीत असतानाच फोन आला. जहाजाच्या अपघाताच्या चौकशीसाठी मराठी दुभाषी हवी, आजच. लायब्ररीतून अर्धी रजा काढून गेले. गेल्या आठवड्यात ते कललेलं मालवाहू जहाज बंदरात ओढून आणलं, त्यावरचे चौघे खलाशी आपल्या कोकणातले निघाले. वादळात डेकवरचे लोखंडी पाइप सुटले आणि स्वयंपाक्याचा पाय चिरडला. कप्तान म्हणतो, खलाशांनी साखळ्या नीट बांधल्या नाहीत. खलाशी म्हणतात, वादळाची खबर असून कप्तानाने वाट बदलली नाही. हे चौघे खोटे ठरले तर पुन्हा कुठलंही जहाज यांना घेणार नाही.

त्यांचा मुकादम, म्हणजे सारंग, हसनचाचा. साठीला आलेला, दाभोळचा. अंगात कुणीतरी दान दिलेला गुलाबी स्वेटर. त्यातही माणूस रुबाबदार दिसत होता, आता काय म्हणावं. "बाय, तू कुठली?" चिपळूण म्हटलं. "मग आमचीच की." कामाखेरीज त्यांच्याशी बोलायचं नाही असा नियम. नुसती हसले.

१५ जाने.
घोटाळा. चाचा आणि आणखी दोघे बोलून झाले. तिघांच्या जबान्या शब्दन् शब्द सारख्या. सारंगाने कप्तानाला वाट बदलायला सांगितलं, तो ऐकला नाही, साखळ्या सगळ्या घट्ट होत्या. तिसऱ्याचं वाक्य तर त्याने तोंड उघडायच्या आधीच मी इंग्रजीत सांगू शकले असते. चौकशी करणाऱ्या बाईंनी पेन खाली ठेवलं. "हू टोल्ड देम टु से दिस?"

प्रश्न मराठीत मलाच विचारावा लागला. चाचांनी सरळ सांगितलं, "मी. काल बसून ठरवला. बोटीचा बोल एक असतो."

त्यांना यात लपवण्यासारखं काही वाटलंच नाही. आमच्या आजोळी, हर्णैला, भांडण पंचांपुढे गेलं की बोटीचा प्रमुख, तांडेल, बोलायचा आणि बोटीवरचे बाकीचे त्याचाच शब्द पुढे करायचे. वेगळं बोलला तो फुटला. इथे मात्र चौघांनी मिळून कट केला असं दिसतंय. बाईंना म्हटलं, एक रीत समजावून सांगू का? "जस्ट इंटरप्रेट, प्लीज." त्यांचंही बरोबर. पण घरी येऊन नवऱ्यावर, मिलिंदवर उगाच डाफरले. ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसून बिचारा नुकता आत आला होता.

१६ जाने.
आज जे पाहिलं ते नीट लिहायला हवं.

चाचा बाईंना म्हणाले, "यांना परत विचारा. एकेकट्याला. मी बाहेर बसतो." मग खलाशांकडे वळून, "माझी लाज राखू नका. डोळ्यांनी बघितला तेवढाच बोला." आणि हॉलमधल्या खुर्चीवर जाऊन बसले. दार लावून घेतलं.

पहिले दोघे आज आपापलं बोलले. एकाने वर ब्रिजवर, जहाज चालवायच्या खोलीत, वाट बदलण्यावरून सारंग आणि कप्तानाचा आरडाओरडा ऐकला होता. दुसरा त्या वेळी झोपला होता, त्याने काहीच पाहिलं नव्हतं, आणि तसं त्याने सांगितलं. बाई भराभर लिहीत होत्या. मग चौथ्याची, विलासची बारी आली. सारखा दाराकडे बघे. शेवटी बोलला. डाव्या बाजूची एक साखळी ढिली होती. तो घट्ट करायला निघाला, तर सारंगानेच थांबवलं. थंडीने सगळ्यांचे हात फुटले होते, रक्त येत होतं. उजाडल्यावर बघू म्हणाले. त्याच रात्री पाइप सुटले.

मी इंग्रजी सांगताना आवाज सरळ ठेवला. कसा ठेवला माझं मला माहीत.

मग चाचांना आत बोलावलं. विलास काय बोलला ते त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. बसायच्या आधीच म्हणाले, "काल एक गोष्ट गाळली. साखळी ढिली व्हती. मी राहू दिली."

बाईंनी तेही लिहून घेतलं.

असा माणूस मी पाहिला नव्हता.

मिलिंद म्हणतो, "मग कप्तान सुटला की." नाही माहीत. कप्तानाने वाट बदलली नाही हेही आता, झोपलेला सोडून, तिघांच्या तोंडून वेगवेगळं नोंदलं गेलंय आणि बाईंना ते पटलेलं दिसलं. पण चाचांचं...

२३ जाने.
काम संपलं, म्हणजे नियमही संपला. उद्या चौघे विमानाने परत. अहवाल यायला कित्येक महिने लागतील म्हणे. आज जेवायला बोलावलं. हॅडॉक माशाचं कालवण, कोकम घालून. चाचांचा शेरा: "माशाला चव नाय, पण तुझा हात बरा हाय." सईने किचनमध्ये येऊन चाचांबद्दल हळूच विचारलं, "आई, इज ही इन ट्रबल?" हो म्हटलं.

विलास जेवेना. ताटात बघत बसला. म्हणाला, "चाचा, मी फुटलो."

चाचांनी त्याच्या ताटात माशाचा मोठा तुकडा वाढला. "जेव. तू माझाच बोल धरला असता तर आपण सगळे खोटे ठरलो असतो. कंपनीला फोन केलाय, पुढच्या जहाजावर याला आधी घ्या म्हणून."

मी विचारलं, कंपनी काय म्हणाली? "घेतो बोलले." आणि तुमचं?

"माझा मी विचारलाच नाय, बाय," म्हणाले, आणि भात मागितला.